निंदायचं राहिलेलं शेत

मी एक चित्र बोलतोय. तीन फूट बाय चार फूट, कॅनव्हासवर तैलरंग, भोवती सागवानी चौकट आणि चौकटीच्या मागे पालीचं बिऱ्हाड. माझ्यात फुलांनी भरलेलं एक शेत आहे. बागेतली फुलं नव्हेत, कुणी न लावता आपली आपण उगवलेली रानफुलं. गुलाबी तेरडा, पिवळा कवला, निळा केना आणि गुलाबी-पांढऱ्या शेपट्यांचा कुर्डू. मागे डोंगर, वर ढग, आणि डावीकडे चढावर एक कुडाचं घर.

मी देखणा आहे. हे मीच सांगून टाकतो, कारण दुसरं कुणी सांगेल याची खात्री नाही. आमच्या जातीची अडचण अशी की आम्ही जवळून दिसत नाही. फार वर्षांपूर्वी तिकडे फ्रान्सात काही चित्रकारांनी उन्हात बसून भराभर रंग थापत चित्रं काढायची रीत पाडली. तिला इम्प्रेशनिझम म्हणतात. जवळ जाल तर नुसते रंगाचे गोळे. दहा पावलं लांब जाल तर तेच गोळे आपसात तडजोड करतात आणि शेत होतं. आणि आपल्याकडे तर चित्र दिसलं की माणूस आधी त्याला नाक लावायला जातो.

माझे जन्मदाते उमेश मास्तर. डहाणूच्या एका शाळेत चित्रकला शिकवतात. घर मांगेलआळीत, समुद्राला लागून. त्यांच्या आजोबांची बोट होती, वडिलांची होती, भावाची आजही आहे. मास्तरांना मात्र बोट लागते. पहिल्याच खेपेला त्यांनी सगळ्या खलाशांच्या जेवणावर उलटी केली आणि तिसऱ्या दिवशी घरच्यांनी त्यांना शाळेत परत पाठवलं. अशा रीतीने कलेला एक माणूस मिळाला.

मास्तर फोनवर त्या फ्रेंच लोकांची चित्रं बघत बसायचे. कमळांची तळी, गवताच्या गंजी. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत त्यांनी मोटरसायकलवर कॅनव्हास बांधला आणि कैनाड गावचा रस्ता धरला. एका वळणावर त्यांना चढावरचं एक शेत दिसलं आणि ते गाडी तिथेच टाकून बांधावर जाऊन बसले.

वरच्या घराच्या उंबऱ्यात एक बाई बसली होती. एक पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, समोर लांब सोडलेला.

"ए, कोण रे तू? मोजणीवाला काय?" तिने वरूनच विचारलं. त्या भागात अनोळखी माणूस शेताकडे टक लावून बघायला लागला की आधी जमिनीची मोजणीच आठवते.

"नाही बाई. चित्र काढतोय."

"कशाचं?"

"तुमच्या शेताचं."

बाईने एकदा शेताकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे. मग म्हणाली, "काढ. च्या हाय चुलीवर. मला उतरता येत नाय, तू वर येऊन घे."

ती जयवंती. मास्तर चार दिवस आले आणि चार दिवस त्यांनी तिचा बिनदुधाचा चहा प्यायला. ती चित्र बघायला खाली येऊ शकली नाही आणि मास्तरांनी मला वर नेलं नाही, कारण मी ओला होतो. शेवटच्या दिवशी त्यांनी घराच्या दारात पांढऱ्या रंगाचा एक छोटा ठिपका दिला, गाडीला किक मारली आणि मी डहाणूला आलो.

तिथे माझी गाठ पडली हिराबाईंशी. हिराबाई म्हणजे मास्तरांची आई. मासळीबाजारात बसतात आणि बोंबील सुकवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांनी मला हातभर अंतरावरून बघितलं.

"रे उमेश, बुरूस पुसायला घरात फडकी नव्हती?"

"आई, चित्र आहे ते. जरा मागे सरक."

हिराबाई मागे सरकल्या आणि त्यांची पाठ भिंतीला टेकली. मास्तरांच्या घरातली मोठी खोली नऊ फुटांची. त्यातले तीन फूट पलंगाने खाल्लेले. त्या घरात मी कुणालाच कधी शेत म्हणून दिसलो नाही. मी दिसायचो ते समोरच्या घराच्या पडवीतून, पण समोरच्यांशी जाळ्याच्या कारणावरून सात वर्षं बोलणं बंद होतं. त्यामुळे त्यांनी बघितलं असलं तरी कबूल कोण करणार?

तैलरंग सुकायला महिना-दीड महिना घेतो. चार दिवसांनी हिराबाईंनी बोटाने दाबून बघितलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. सुकवण्याच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवलेलं चालत नाही.

"अजून ओलंच. मीठ लावलं नाही, तर सुकणार कसं?"

मास्तर शाळेत गेल्यावर त्यांनी मला उचललं आणि किनाऱ्यावर बोंबील टांगायच्या बांबूंवर आडवं टाकलं. दुपारी एकदा उलटवलंही. दोन्ही बाजू सुकायला नकोत? वाऱ्याने वाळू आली ती माझ्या ढगांत बसली. एक खवला उडून आला तो डोंगरावर चिकटला. मास्तरांनी नंतर ढगांवर हात फिरवला आणि डोळे मिटले. तो खवला अजून आहे. सकाळी ऊन आलं की चमकतो आणि पाहुणे त्याला धबधबा म्हणतात.

मग मी फ्रिजमागे गेलो. वर्षभर तिथेच होतो. उजेड नाही, पण ऊब चांगली होती, आणि फ्रिज उघडला की कुठली मासळी आली ते कळायचं.

पुढच्या श्रावणात मास्तरांनी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. अकरा चित्रं. दहा समुद्राची आणि अकरावं मी. प्रत्येकाखाली त्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली. माझ्याखाली लिहिलं, 'जयवंतीचं शेत, कैनाड'. चार दिवसांच्या चहाचे उपकार फेडायची त्यांना तीच रीत सुचली. माणूस सरळ आहे. सरळ माणसं कसा घोटाळा करतात ते आता ऐका.

तीन दिवसांत सात माणसं आली. त्यातली चार शाळेचीच. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेसमोर एका गाडीचा टायर बसला आणि भाविनीबेन पंख्याखाली उभं राहायला आत आल्या. शिपायाने नुकतीच फरशी पुसली होती. तो ओरडला, "मॅडम, ओलं आहे, दारातच थांबा." भाविनीबेन दारातच थांबल्या. समोरच्या भिंतीवर, बरोबर पंधरा पावलांवर, मी होतो.

त्या शिपायाचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत तेवढे मास्तरांचेही नाहीत. जन्मल्यापासून पहिल्यांदा मला कुणी नीट बघत होतं. भाविनीबेन फरशी सुकेपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उमेशभाई, आ तो मला पाहिजे."

मास्तरांचं आयुष्यातलं हे पहिलं विकलेलं चित्र. त्या रात्री हिराबाईंनी पापलेट तळलं आणि आळीत सगळ्यांना सांगितलं. समोरच्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.

भाविनीबेनची डहाणूजवळ चिकूची वाडी आहे. सासऱ्यांनी वाडीचा कारभार नुकताच त्यांच्या हाती दिलेला. त्यांनी वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. मुंबई-सुरतेची माणसं शनिवारी यायची, चिकू खायची, फोटो काढायची आणि रविवारी परत जायची. मला त्यांनी खालच्या चिठ्ठीसकट दिवाणखान्यात लावलं, मोठ्या झोपाळ्याच्या समोर. खोली ऐसपैस, वीस फुटांची. मी मनात म्हटलं, आता आपले दिवस आले.

पाहुणे माझ्यासमोर उभे राहून विचारायचे, "इथे जवळपास असं शेत आहे का?" सुरुवातीला भाविनीबेन म्हणायच्या, कैनाडला आहे. महिन्याभराने त्या म्हणायला लागल्या, पुढच्या वेळी या, आमच्या वाडीतच असेल.

मला तेव्हा हे ऐकून अभिमान वाटला होता. आता शरम वाटते.

दसरा झाल्यावर जयवंती आली. पाय जुळला होता, थोडी लंगडत होती. बरोबर तिची जाऊ जिजा. त्या दिवशी मला कळलं की ही बाई उंबऱ्यात बसून चहा पाजणारी नुसती म्हातारबाई नव्हे. कैनाडच्या अकरा बायकांची निंदणीची टोळी तिच्या हाताखाली होती. निंदणी म्हणजे खुरपं घेऊन ओळीने बसायचं आणि तण मुळासकट उपटत पुढे सरकायचं. वीस वर्षं ही टोळी दसऱ्यानंतर या वाडीत यायची. पस्तीस दिवसांचं काम. तिचा नवरा चैत्या नारळीपौर्णिमेनंतर गुजरातच्या बोटीवर खलाशी जातो तो उन्हाळ्यातच परततो. टोळीतल्या बाकीच्या घरांचंही थोडंफार असंच. वाडीचं काम असलं की बायका पोराबाळांसकट गावात राहतात. नसलं की दिवाळी झाल्याबरोबर ट्रकात बसून भिवंडीकडे वीटभट्टीवर. शाळा बंद, घराला कुलूप, पाच-सहा महिने.

"शेठाणी, सोमवारी येऊ का?" जयवंतीने विचारलं.

"अरे जयवंतीबेन, या वेळी निंदणी नाय. आव, तुला दाखवते." भाविनीबेनने तिला हाताला धरून आत आणलं आणि माझ्यापुढे उभी केली. अगदी पुढे, नाकासमोर. "बघ ने. मला वाडी अशी पाहिजे. काय नाय काढायचं. सगळं जसं येईल तसं येऊ द्यायचं. एकदम नॅचरल."

जयवंतीला रंगाचे गोळे दिसले. मग तिची नजर खाली चिठ्ठीवर गेली. सातवीपर्यंत शिकलेली होती ती. तिने ओठ हलवत वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

जिजाने तिच्या खांद्यावरून वाचलं. "वहिनी, तुझंच शेत गं. पाय मोडला त्या सालचं."

बाहेर माळी होता, स्वयंपाकाची बाई होती, दोघांनीही ऐकलं. आता शहरातल्या माणसाला यात काही लागणार नाही. तुमच्या माझ्या मते ते फुलांचं शेत. पण कैनाडला कुणालाही विचारा, ते निंदायचं राहिलेलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, शेत. नागलीत कुर्डू आणि तेरडा दिसला की वाटेने जाणारी माणसं विचारतात, घरात माणूस आहे की नाही? निंदणीच्या मुकादम बाईचं असं शेत चौकटीत बसवून, खाली नाव लिहून, दिवाणखान्यात टांगायचं म्हणजे वाण्याच्या दुकानावर त्याचं खोटं माप टांगण्यासारखं. आणि वर त्याच चित्राने टोळीचं काम घालवलेलं.

त्या दोघी गेल्या. भाविनीबेनने चहा विचारला, जयवंती नको म्हणाली. मी भिंतीवर होतो, मला कुठे जाता येत होतं? पण वाटलं, मास्तरांनी मला फ्रिजमागेच ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचं मला मास्तरांच्या तोंडून कळलं. जयवंती तिथून थेट मांगेलआळीत गेली. दारात हिराबाई जवळा निवडत बसल्या होत्या.

"मास्तर हाय?"

"शाळेत गेलाय. काय काम?"

"त्याने माझं शेत विकलं," जयवंती म्हणाली.

हिराबाईंच्या हातातली टोपली पडली. मुलाने कुणाची तरी जमीन विकली असं वाटून त्यांनी देवाचं नाव घेतलं. चित्राचा मामला आहे कळल्यावर त्यांना एवढं बरं वाटलं की त्यांनी जयवंतीला बसवून चहा दिला आणि मूठभर जवळा बांधूनही दिला. पण एका गोष्टीवर त्या ठाम होत्या. "परत नाही घेणार हां. विकलेली मासळी आम्ही परत घेत नाही. घ्यायला लागलो तर बाजार बंद करावा लागेल."

मास्तर आले तेव्हा जयवंतीने एवढंच सांगितलं, "शेठाणीला जाऊन खरं सांग. त्या सालात त्या शेतात मला दोन सुपं नागली झाली. तशी वाडी करायच्या नादात ती अकरा घरांचं काम घालवतेय."

मास्तर रात्रभर झोपले नाहीत. एकच गिऱ्हाईक मिळालेलं, आणि त्याला जाऊन सांगायचं की बाई, तुम्ही घेतलेली शोभा म्हणजे एका घरावर आलेलं संकट होतं. तरी ते आले. रविवारी दुपारी, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पैशांचं पाकीट घेऊन आले. बरोबर जयवंती.

दिवाणखान्यात दोनच खुर्च्या होत्या. एकीवर मास्तर बसले, दुसरीवर पाहुण्यांच्या धुतलेल्या चादरी होत्या. जयवंती उभीच राहिली आणि तिने वजन चांगल्या पायावर घेतलं. भाविनीबेनच्या ते लक्षात आलं.

"बस ने, जयवंतीबेन. झोपाळ्यावर बस."

वीस वर्षांत ती या घराच्या झोपाळ्यावर बसली नव्हती. कडेला अंग चोरून बसली. पण पितळी कड्यांचा जडशीळ झोपाळा, माणूस बसलं की आपण होऊन मागे जातो. तिचे पाय जमिनीवरून सुटले, झोपाळा मागे गेला आणि तिला मी दिसलो.

झोपाळा पुढे आला. रंगाचे गोळे. मागे गेला. शेत.

तिने कपाळाला आठी घातली आणि चांगल्या पायाने पुन्हा रेटा दिला.

इकडे मास्तरांनी पाठ केलेलं भाषण सुरू केलं होतं. "भाविनीबेन, मी स्पष्टच बोलतो. हे चित्र मी परत घेऊन जातो. तुमचे पैसे मी आणलेत. कारण या चित्राने तुमचा गैरसमज..."

"मास्तर, गप जरा," झोपाळ्यावरून आवाज आला.

पाकीट अर्धवट खिशाबाहेर तसंच राहिलं. कड्या कुरकुरत होत्या, झोपाळा जात होता, येत होता.

"हे माझं घर," जयवंती म्हणाली.

"हो."

"दारात पांढरं काय?"

"तुमचा पाय. प्लास्टरचा."

झोपाळा दोनदा जाऊन आला.

"त्या महिन्यात शेताकडं कुणी बघत नव्हतं," ती म्हणाली. "बाया वाटंनं जायच्या त्या मान फिरवून जायच्या. मला लाज वाटू नये म्हणून. आणि तू चार दिस तिथंच बघत बसला. मला वाटलं, मेला हसाय बसला असंल."

"नाही हो, जयवंतीबाई. मला ते फार सुंदर वाटलं होतं." मास्तर म्हणाले. "पाय मोडल्यामुळे शेत असं झालंय हे मला सुचलंसुद्धा नाही. माझी चूक झाली."

"दिसतंय खरं सुंदर," जयवंती म्हणाली. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं कौतुक. भाविनीबेनच्या पाहुण्यांची शंभर कौतुकं मी यावरून ओवाळून टाकीन. पण माझी छाती फुगते न फुगते तोच ती म्हणाली, "पण खोटं हाय."

"खोटं?" मास्तर ताठ झाले. चित्र परत न्यायला निघालेला माणूस, पण खोटं म्हटल्यावर कलावंत जागा झाला.

"यात गवत कुठंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही जरा आत डोकावून बघितलं.

"कमरेइतकं गवत होतं त्या सालात," जयवंती म्हणाली. "लव्हाळा होता, कुसळी होती, बांधाला काटेरी रिंगणी. फुलं त्यात कुठं कुठं. इथं नुसती फुलंच. एकएक वेगळं उभं हाय, मुळाशी माती दिसते. असं शेत आपोआप नाय होत, मास्तर. कुणीतरी बसून यातलं गवत काढलंय. तू निंदलंस हे."

मास्तरांनी घसा खाकरला. "तिसऱ्या दिवशी हिरव्या रंगाची ट्यूब संपली," ते हळूच म्हणाले. "डहाणूत मिळत नव्हती. मग मी... जेवढं टाळता येईल तेवढं गवत टाळलं."

भाविनीबेन आळीपाळीने तिघांकडे बघत होत्या. तिसरा मी. "म्हणजे वाडी जशी आहे तशी सोडली तर अशी नाय होणार?"

"कुंपणामागं जाऊन बघ. तिथं दोन सालं खुरपं नाय लागलं."

भाविनीबेन खरंच गेल्या. शेठाणी असली तरी शहाणी बाई. पंधरा मिनिटांनी परतल्या तेव्हा ओढणीला खालपासून वरपर्यंत कुसळं टोचलेली, एक चप्पल हातात, आणि तोंडाने गुजरातीत काहीतरी पुटपुटत होत्या. फूल एकच मिळालं होतं, तेही त्यांनी रागाने टाकून दिलं.

"तिकडे तर सरडा पळाला," त्या म्हणाल्या आणि चादरींवरच बसल्या. "मग हे असं करायचं तर कसं?"

आता मी जयवंतीकडे बघत होतो. तिने पाय टेकवून झोपाळा थांबवला. एवढा वेळ अंग चोरून कडेला बसलेली बाई नीट मध्यभागी सरकली आणि मुकादमासारखी बसली.

"फुलाला हात न लावता नुसतं गवत काढायचं. सगळंच उपटायचं तर सोपं असतं, हात चालत राहतो. हे बघून, ओळखून काढायचं. केना कोवळा असतो तेव्हा गवतासारखाच दिसतो. नवीन बाईला जमणार नाय."

"तुझ्या टोळीला जमेल?"

"जमंल. पण पस्तीस दिसांत नाय व्हायचं. पन्नास धर. आणि झाडांच्या बुंध्याशी मी काही ठेवणार नाय, तिथं सगळं साफ. चिकू कुठं पडला ते दिसाय पाहिजे. फुलं फक्त खोल्यांपुढं."

भाविनीबेनने मान डोलावली. आपण निंदणी बंद करायला निघालो होतो आणि आता ती दीडपट झाली, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. पण कुसळं काढता काढता त्या म्हणाल्या, "सोमवारपासून या." मास्तरांनी पाकीट हळूच आत ढकललं. हिराबाईंच्या बाजाराचा नियम वाचला.

झोपाळ्यावरून उतरताना जयवंती म्हणाली, "आणि मास्तर, ती चिठ्ठी."

"काढून टाकतो," मास्तर लगेच उठले.

"काढायची कशाला? शेत माझंच हाय. पुरतं लिही."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. आज माझ्याखाली जी चिठ्ठी आहे तिच्यावर असं आहे: 'जयवंतीचं शेत, कैनाड. त्या वर्षी तिचा पाय मोडला होता. एरवी ती दोनदा निंदते.' पाहुणे ती वाचून हसतात. टोळीतल्या बायका वाचतात तेव्हा कुणी हसत नाही.

सोमवारपासून अकरा खुरपी वाडीत चालली. दिवाळीला त्या गावी जाऊन आल्या, पण ट्रकात कुणी बसलं नाही. पन्नासाव्या दिवशी खोल्यांपुढे सगळीकडे नाही तरी बऱ्यापैकी रंग दिसत होता. भाविनीबेनने फोटो काढून मास्तरांना पाठवला. मास्तरांनी कळवलं की थोडा निळा कमी आहे.

त्या शेवटच्या दिवशी बायका हात-पाय धुऊन दिवाणखान्यात आल्या. एकेकीला झोपाळ्यावर बसायचं होतं, मला बघायचं होतं. मोठा कल्ला झाला. जिजाने एवढा झोका घेतला की तिचा पाय जवळजवळ माझ्या तेरड्याला लागला. जयवंती मात्र बसली नाही. ती माझ्याजवळ आली. सगळ्या जशा येतात तशी, नाकासमोर. पण या वेळी ती गोळे बघत नव्हती. काय कुठे आहे ते तिला आता लांबून बघून ठाऊक झालं होतं.

माझ्या खालच्या कोपऱ्यात, बांधाच्या अगदी कडेला कुर्डूची एक शेपटी होती. मास्तरांनी ट्यूबमधून रंग थेट दाबून काढलेली, जाड, उठून दिसणारी. जयवंतीचा हात वर आला. तिने अंगठ्याचं नख मुळाशी घातलं, मनगटाला जरा पीळ दिला आणि ती शेपटी अलगद उपटली. वाळलेला रंग, टचकन निघाला. पन्नास दिवस तो हात दुसरं काही करतच नव्हता. सवयीने तिने तो तुकडा झटकून मागे टाकला, भाविनीबेनच्या चकचकीत फरशीवर. मग भानावर आली, इकडेतिकडे बघितलं, कुणाचं लक्ष नव्हतं. पायाने तो झोपाळ्याखाली सारला आणि पदर सावरून बाहेर गेली.

मला लागलं का? थोडं लागलं. खोटं कशाला सांगू? पण ओरडावंसं वाटलं नाही.

आता मी बरा आहे. भिंत कोरडी आहे, पालीची पोरं मोठी होऊन गेली, शनिवारी पाहुणे येतात. उमेश मास्तर मधे एकदा मला बघायला आले आणि त्यांना तो टवका दिसला. उंदराचं काम असणार म्हणाले. पुढच्या सुट्टीत रंगाचा डबा घेऊन येतो आणि भरून टाकतो असं भाविनीबेनला सांगून गेले. म्हणून तर हे सगळं बोलायची वेळ आली. डहाणूत तुम्हाला कुठे मास्तर भेटले तर माझा एवढा निरोप द्या, की रंग आणू नका. माझ्यातलं बाकीचं शेत तुम्ही निंदलंत, तेही हिरवा संपला म्हणून. तेवढी बोटभर जागा जिची होती तिने स्वतः निंदली आहे.